चार्टर परदेशी, नियम आपले

२६ डिसेंबर २०२३ च्या पहाटे मुंबई विमानतळावर एक एअरबस ए-३४० उतरलं. आत २७६ माणसं होती, बहुतेक सगळी भारतीय. पाच दिवसांपूर्वी हेच विमान संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहून निघालं तेव्हा प्रवासी ३०३ होते आणि विमान मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला चाललं होतं. वाटेत इंधन भरायला ते फ्रान्समधल्या व्हात्री या लहानशा विमानतळावर थांबलं. त्याच वेळी मानवी तस्करीचा संशय कळवणारा निनावी निरोप तिथल्या पोलिसांना मिळाला आणि ऐन नाताळात त्या सगळ्यांना विमानतळाच्या इमारतीत खाटा टाकून राहावं लागलं. त्यांच्यात आईबापांशिवाय निघालेली ११ अल्पवयीन मुलं होती. विमान रोमानियातल्या एका चार्टर कंपनीचं, म्हणजे ठरावीक वेळापत्रकाशिवाय सबंध विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीचं होतं.

कंपनीच्या वकिलांनी तेव्हा मांडलेली बाजू अशी होती, की विमान एका भागीदार कंपनीने भाड्याने घेतलं होतं आणि प्रवाशांची कागदपत्रं तपासण्याची जबाबदारी त्या कंपनीची होती. हा बचाव खरा की खोटा हे ठरवणं फ्रान्सच्या न्यायालयांचं काम. चार्टरच्या धंद्यातली मूळ अडचण मात्र त्यातून स्वच्छ दिसते. नियमित विमानसेवेत तिकीट विकणारी, विमान उडवणारी आणि उशीर झाला की लोकांचा राग झेलणारी कंपनी सहसा एकच असते. चार्टरमध्ये विमान एका देशात नोंदलेलं, मालक दुसऱ्या देशातला, उडवणारी कंपनी तिसरीकडची, दलाल दुबईत नाहीतर लंडनमध्ये बसलेला, आणि विमानतळावर कागद पुढे करणारा हँडलर आपल्याकडचा, असं सर्रास असतं. काही बिनसलं की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

परदेशी चार्टर कंपन्यांवर नियम लागू करण्याचा प्रश्न आला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, देशी कंपन्या आधीच खाली बसल्यात, परक्यांना दार बंद करा. दुसरा म्हणतो, पर्यटन आणि निर्यात वाढवायची असेल तर आकाश मोकळं ठेवा. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आपल्याकडे नियम कमी नाहीत. ते वर्षानुवर्षं फायलीत पडून असतात, आणि मग एखाद्या दिवशी घाईघाईने सरसकट निर्बंध येतो. या दोन्हींच्या मधलं काम म्हणजे प्रत्येक उड्डाणाची रोजची, एकाच मापाने केलेली तपासणी. देशी विमानसेवेचं खरं संरक्षण तिथे होतं, आणि तेच काम आपण करत नाही.

हा अधिकार आपल्याला कुणाकडे मागावा लागत नाही. १९४४ च्या डिसेंबरमध्ये शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर आजची सगळी नागरी विमानवाहतूक उभी आहे. प्रत्येक देशाचं त्याच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे, हे त्याचं पहिलं कलम. नियमित सेवेला सहाव्या कलमानुसार खास परवानगी लागते. पाचवं कलम अनियमित, म्हणजे चार्टरसारख्या उड्डाणांना बरीच मोकळीक देतं. पण भाडं घेऊन माणसं किंवा माल नेला जात असेल, तर जिथे चढ-उतार होते त्या देशाला हव्या त्या अटी घालता येतात, असंही तिथेच लिहिलेलं आहे. सातवं कलम या चर्चेत सगळ्यात महत्त्वाचं. देशाच्या एका गावाहून त्याच देशाच्या दुसऱ्या गावी भाड्याने माणसं किंवा माल नेण्याचा धंदा परदेशी विमानाला नाकारण्याचा हक्क ते देतं. या धंद्याला कॅबोटाज म्हणतात आणि जगातले बहुतेक देश तो आपल्या कंपन्यांसाठी राखून ठेवतात. अमेरिका ठेवते. खुल्या बाजाराचे धडे जगाला देणारा युरोपीय संघही बाहेरच्यांना तो देत नाही. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी चार्टरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, परवानगीचा क्रमांक देतं. धंद्यातली माणसं त्याला ‘वाय-ए नंबर’ म्हणतात. कागदावर सगळं जागच्या जागी आहे.

मग संरक्षण हवं कशापासून? देशी कंपनीच्या डोक्यावर काय काय असतं ते आधी पाहू. वैमानिकाच्या कामाचे आणि विश्रांतीचे नियम २०२५ मध्ये कडक झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. वैमानिकाच्या जिवाचा आणि आपल्याही जिवाचा तो प्रश्न असल्याने ते योग्यच झालं, पण त्यासाठी जास्त वैमानिक नेमावे लागतात आणि त्याचा खर्च कंपनीने सोसायचा असतो. देशांतर्गत उड्डाणाच्या इंधनावर राज्यांचा व्हॅट आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तरी १८ टक्के म्हणजे काही थोडे नव्हेत. नफ्याच्या मार्गांवर उडायचं असेल तर ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान अशा मार्गांवरही ठरावीक प्रमाणात उडावं लागतं. लहान गावांना जोडणाऱ्या उडान योजनेचा निधी देशांतर्गत नियमित उड्डाणांवरच्या आकारणीतून येतो. परदेशी चार्टरच्या वैमानिकाला त्याच्या देशाचे कामाचे तास लागू असतात, आणि बाहेरून टाकीत भरून आणलेल्या इंधनावर शिकागो करारानुसार इथे जकात लागत नाही. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवत नेली. इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणं थांबवावी लागली. त्याच शहरांहून भारतात येणाऱ्या परदेशी विमानाला मात्र तो रस्ता मोकळाच राहिला.

पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. एसटीने रात्रीची शेवटची गाडी चार प्रवाशांसाठीही आडगावाला न्यायची, आणि स्टँडाबाहेर उभ्या असलेल्या वडापच्या जीपने भरगच्च मार्गावरचे प्रवासी तेवढे उचलायचे. वडापवाला वाईट माणूस नसतो, पुष्कळदा तो अडल्यानडल्याला उपयोगीही पडतो. पण परवाना, विमा, ब्रेकची तपासणी हे सगळं एसटीनेच पाळायचं असेल, तर ती किती वर्षं आडगावाला जात राहील?

विमानांच्या जगातही वडाप आहे आणि त्याला ‘ग्रे चार्टर’ असं नाव आहे. तो कसा चालतो? परदेशात नोंदलेलं आठ-दहा आसनी जेट एका उद्योगपतीला घेऊन मुंबईत येतं. दोन दिवसांनी त्याला दिल्लीहून परत उचलायचं आहे. मुंबई ते दिल्ली हा रिकामा फेरा. दलालाच्या फोनमध्ये दिल्लीला जाणारी माणसं तयार असतात. फेरा कसाही व्हायचाच असल्याने भाडं देशी कंपनीच्या निम्म्यात लावलं तरी परवडतं, आणि कागदावर ती माणसं ‘मालकाचे पाहुणे’ होतात. यात मार खातो तो आपला एनएसओपीवाला, म्हणजे अनियमित विमानसेवेचा भारतीय परवाना घेतलेला लहान व्यावसायिक. त्याच्याकडे दोन-चार विमानं असतात. परवान्यासाठी त्याने अभियंते नेमलेले असतात, सुरक्षा अधिकारी ठेवलेला असतो. नागपूरहून एखादा रुग्ण रातोरात हैदराबादला किंवा मुंबईला हलवायचा असेल तेव्हा हवाई रुग्णवाहिका तोच पाठवतो. बारामती, शिरपूर, गोंदिया इथे शिकून बाहेर पडणाऱ्या नव्या वैमानिकांपैकी काहींना पहिली नोकरी अशाच कंपन्यांत मिळते. संरक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन बड्या कंपन्या येतात. माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस आहे.

ग्रे चार्टरमुळे माणसं मरतातही. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधल्या नांतहून वेल्समधल्या कार्डिफला निघाला होता. विमान अमेरिकेत नोंदलेलं, एका इंजिनाचं पायपर मालिबू. भाड्याने प्रवासी नेण्याची परवानगी त्याला नव्हती. वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना नव्हता, रात्री उडण्याची पात्रताही नव्हती. विमान इंग्लिश खाडीत कोसळलं आणि दोघेही गेले. ते उड्डाण ठरवणाऱ्याला ब्रिटिश न्यायालयाने २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा दिली. वैमानिक मरण पावला होता, विमान परदेशी नोंदणीचं होतं, तरीही पडद्यामागे फोनवर व्यवहार जुळवणाऱ्या माणसापर्यंत कायदा पोचला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नायजेरियातही २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने खासगी वापराच्या परवान्यावर भाड्याचे फेरे मारणाऱ्या जेट मालकांचे परवाने निलंबित केले. सगळ्या परदेशी जेट विमानांना हाकलून दिलं नाही. ज्यांनी नियम मोडला त्यांना पकडलं.

या सगळ्याला सगळ्यात जोरदार हरकत गोव्यातून येईल, आणि ती मनापासून ऐकायला हवी. १९८० च्या दशकात जर्मनीच्या कोंडोरची विमानं दाबोळीला उतरू लागली. पुढे ब्रिटन, रशिया, पूर्व युरोप, मध्य आशिया असे देश जोडले गेले. कळंगुट, कांदोळी, मोरजी, हरमल या किनाऱ्यांवरच्या एका पिढीचं घर त्या विमानांवर चाललं. तेव्हा थेट मँचेस्टरहून किंवा मॉस्कोहून गोव्यात माणसं आणणारी भारतीय कंपनी नव्हती. चार्टरने आपल्या कुणाचं गिऱ्हाईक पळवलं नाही, जे गिऱ्हाईक नव्हतंच ते आणलं. पॅकेजवर आलेला पर्यटक पंधरा दिवस राहतो, हॉटेलवाला, टॅक्सीवाला, शॅकवाला, बाजारात भाजी विकणारी बाई, सगळ्यांपर्यंत त्याचे पैसे पोचतात. देशी विमानसेवेच्या नावाने हा दरवाजा लावून घेतला तर गोव्याचं नुकसान होईल आणि आपल्या कंपन्यांना काडीचा फायदा होणार नाही. एअर इंडियाने २०२३ मध्ये गोव्याहून लंडन गॅटविकला थेट विमान सुरू केलं खरं, पण जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या अपघातानंतर उड्डाणं कमी करायची वेळ आली तेव्हा थांबवलेल्या मार्गांत तोही होता. अशा वेळी चार्टर नको म्हणणं म्हणजे पर्यटकाला श्रीलंकेचा नाहीतर थायलंडचा पत्ता देणं.

पण चार्टरवर अवलंबून राहण्याची किंमतही गोव्याने मोजली आहे. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली, गोव्याचा हंगाम जेमतेम आठवड्यावर आलेला असताना. (भारतातली त्याच नावाची कंपनी निराळी आहे, तिचा या दिवाळखोरीशी संबंध नव्हता.) जगभर अडकलेल्या दीड लाखांच्या आसपास ब्रिटिश पर्यटकांना त्यांच्या सरकारने घरी नेलं, कारण ब्रिटनमध्ये पॅकेज सहलीच्या प्रवाशासाठी १९७० च्या दशकापासून संरक्षण निधीची सोय आहे. गोव्यातल्या हॉटेलवाल्याच्या थकलेल्या बिलासाठी, वर्षाच्या करारावर खोल्या अडकवून बसलेल्यासाठी कोणता निधी होता? हंगामभर चार्टर चालवायची परवानगी मागणाऱ्या कंपनीकडून बँक हमी घेणं, हा यावरचा साधा उपाय. कंपनी बुडाली तर अडकलेल्या प्रवाशांना परत पाठवण्याचा खर्च आणि विमानतळाची देणी त्यातून भागतील, स्थानिकांच्या देण्याचा काही भागही. ज्या कंपनीचे पाय जमिनीवर आहेत तिला हमी देणं जड जाणार नाही. जिला जड जाईल तिच्याबद्दल आपल्याला आधीच कळेल.

आपण जे करायला कचरतो ते अमेरिकेने २०२० मध्ये आपल्याच बाबतीत करून दाखवलं. करोनामुळे २३ मार्चपासून आपण आंतरराष्ट्रीय नियमित उड्डाणं थांबवली होती. मे महिन्यात परदेशांत अडकलेल्या भारतीयांना घरी आणणाऱ्या विमानांची ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली. न्यू जर्सी, शिकागो, बे एरिया इथे व्हिसा संपत आलेले विद्यार्थी, मुलाकडे आलेले आणि अडकलेले आईवडील, यांत मराठी माणसं कमी नव्हती आणि त्यांना त्या विमानांनी घरी आणलं. ते मोलाचं काम होतं. पण एअर इंडिया त्या उड्डाणांवर अमेरिकेकडे जाणाऱ्या प्रवाशांना तिकिटं विकत होती, आणि अमेरिकी कंपन्यांना तशी उड्डाणं करू द्यायला आपण तयार नव्हतो. २२ जूनला अमेरिकेच्या परिवहन खात्याने आदेश काढला. त्यात भारताची वागणूक अन्याय्य आणि भेदभावाची असल्याचं नोंदवलं, त्याची कारणं मांडली, आणि एअर इंडियाने यापुढे प्रत्येक चार्टरसाठी आधी परवानगी घ्यावी असं सांगितलं. अंमल लगेच नाही, ३० दिवसांनी. ती मुदत संपायच्या आत वाटाघाटी झाल्या, दोन्हीकडच्या कंपन्यांसाठी ‘एअर बबल’ची व्यवस्था ठरली आणि १७ जुलैपासून अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सची विमानं भारतात येऊ लागली.

त्या वेळी अनेकांना तो आदेश उद्धट वाटला. मला तो नमुनेदार वाटतो. विमानं बंद पाडली नाहीत, अडकलेल्या माणसांचे हाल केले नाहीत. तक्रार काय, पुरावा काय, कधीपासून काय होणार, आणि काय केलं तर हे मागे घेतलं जाईल, हे सगळं जाहीर कागदावर आलं. आपल्या कंपन्यांचं हित जपताना प्रवाशालाही फायदा झाला, कारण शेवटी दोघांची विमानं सुरू झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपण काय केलं ते याच्या शेजारी ठेवून पाहा. मालवाहतुकीसाठी येणाऱ्या परदेशी अनियमित विमानांना सहाच विमानतळ खुले राहतील असं ठरलं: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद. हेतू देशी कंपन्यांना वाव देण्याचा होता, आणि तो चुकीचा नव्हता. भारतातून बाहेर जाणारा हवाई माल मोठ्या प्रमाणात परदेशी विमानांत जातो, आपल्या कंपन्यांकडे मालवाहू विमानं मोजकीच आहेत. पण विमानतळाची नावं गाळून देशी मालवाहू विमान तयार होत नाही. नाशिकच्या ओझर विमानतळावरून आखातात जिवंत शेळ्या-मेंढ्या पाठवल्या जात होत्या. देशाच्या मध्यावरचं नागपूर मालवाहतुकीचं केंद्र व्हावं म्हणून मिहानची आखणी झाली. ही दोन्ही नावं त्या सहांत नाहीत. ओझरला परदेशी विमान येऊ दिलं नाही म्हणून तिथे भारतीय विमान येऊन उभं राहतं का? माल मुंबईपर्यंत ट्रकने न्यायचा, कसारा घाटात आणि भिवंडीच्या कोंडीत तास घालवायचे, आणि शेवटी तो परदेशी विमानातच चढवायचा. देशी कंपनीला काहीच मिळालं नाही, निर्यातदाराचा खर्च मात्र वाढला.

याहून चांगला मार्ग युरोपात वापरात आहे. जर्मनीत बाहेरच्या देशाच्या कंपनीला विशिष्ट चार्टर करायचा असेल, तर देशी कंपन्यांकडून आधी ‘आमच्याकडे यासाठी विमान उपलब्ध नाही’ असं लेखी घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये असे अर्ज देशी कंपन्यांना कळवतात आणि हरकत घ्यायला वेळ देतात. हेच आपल्याकडे ४८ तासांची मुदत ठेवून पूर्णपणे ऑनलाइन करता येईल. ओझरहून शारजाला माल न्यायला भारतीय विमान तयार असेल तर पहिला हक्क त्याचा. तयार नसेल तर परदेशी विमानाला त्याच दिवशी परवानगी. एकच अट, हरकत घेणाऱ्या देशी कंपनीने ठरल्या दिवशी विमान आणून उभं केलं नाही, तर पुढच्या वेळी तिची हरकत ऐकायची नाही. नाहीतर आपल्याच कंपन्या या हक्काचा अडवणुकीसाठी वापर करतील, आणि ते त्या करतील याबद्दल मला शंका नाही.

परवानगीच्या कागदाने काम संपत नाही हे आपल्याला पुरुलियाने शिकवायला हवं होतं. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात एका अँतोनोव्ह-२६ विमानातून शेकडो एके-४७ रायफली आणि लाखो गोळ्या पॅराशूटने टाकल्या गेल्या. ते विमान चोरून घुसलेलं नव्हतं. उड्डाणाची परवानगी घेऊन कराचीहून वाराणसीला उतरलं होतं, तिथे इंधन घेतलं, रात्री निघालं, शस्त्रं टाकली आणि कोलकातामार्गे फुकेतला गेलं. कटाची आगाऊ सूचना ब्रिटनकडून मिळालेली होती. वाराणसीला आतला माल कुणी पाहिला नाही. चार दिवसांनी तेच विमान पुन्हा भारतीय आकाशात आलं तेव्हा हवाई दलाने त्याला मुंबईत उतरवलं, पाच लाटव्हियन कर्मचारी आणि पीटर ब्लीच हा ब्रिटिश शस्त्रव्यापारी पकडला गेला. मुख्य सूत्रधार किम डेव्ही मात्र मुंबई विमानतळावरून निसटला. त्याला परत आणण्यासाठी भारत इतकी वर्षं डेन्मार्कशी झगडतो आहे. शिकागो कराराचं सोळावं कलम उतरलेलं कोणतंही परदेशी विमान तपासण्याचा, त्याची कागदपत्रं पाहण्याचा अधिकार देतं. तो अधिकार त्या रात्री वाराणसीतही होता. वापरणारा माणूस नव्हता.

माणूस आजही पुरेसा नाही. डीजीसीएमधली मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असल्याकडे संसदेच्या स्थायी समितीने २०२५ मध्ये बोट दाखवलं. ज्या संस्थेने देशातली आठशेच्या घरातली प्रवासी विमानं, प्रशिक्षण संस्था, हेलिकॉप्टरं हे सगळं पाहायचं, तिच्याकडे मध्यरात्री उतरलेल्या परदेशी चार्टरच्या शिडीपाशी उभं राहायला निरीक्षक कुठून येणार? म्हणून कडक भाषेच्या नव्या परिपत्रकाआधी मला पदं भरलेली हवी आहेत. मुंबई, दिल्ली आणि गोव्यात रॅम्प तपासणीचं, म्हणजे उतरून उभ्या असलेल्या विमानाची जागेवरच तपासणी करणारं पथक चोवीस तास हवं. प्रवाशांच्या यादीतलं नाव आणि भाडं कुणी दिलं त्याची पावती, एवढं दोन मिनिटांत पडताळता आलं तरी ‘मालकाचे पाहुणे’ हा खेळ अर्ध्याहून अधिक थांबेल. दिलेल्या प्रत्येक परवानगीची नोंद, म्हणजे कंपनी, विमानाचा नोंदणी क्रमांक, मार्ग आणि उद्देश, संकेतस्थळावर सगळ्यांना दिसली पाहिजे. लहान देशी व्यावसायिक स्वतःच त्यावर लक्ष ठेवतील. त्यांच्याइतका जागरूक निरीक्षक सरकारला पगार देऊनही मिळणार नाही.

एक शंका मला स्वतःलाही सतावते. संरक्षणाच्या नावाने आपण मक्तेदारीच पोसणार नाही ना? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकाच कंपनीवर अवलंबून असण्याचा अर्थ विमानतळावर झोपलेल्या माणसांना कळला. आणि तेव्हा सरकारने काय केलं, तर त्याच कंपनीला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. नियम देशी कंपनीसाठी वाकवायचे आणि परदेशी कंपनीपुढे ताठ उभं राहायचं, याला कुणी गंभीरपणे घेणार नाही. परदेशी चार्टरवर नियम लावण्याचा नैतिक अधिकार आपण आपल्या कंपन्यांवर ते लावले तरच टिकतो. पण मक्तेदारीवरचा उपाय म्हणून कॅबोटाज खुलं करा, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन: परदेशी जेट मुंबई-दिल्ली सोडून नांदेडला, जळगावला, चिपीला जाईल का? ते मलईच्या मार्गावर येईल आणि हंगाम संपला की निघून जाईल. स्पर्धा हवी असेल तर इथे नोंदलेल्या, इथले नियम पाळणाऱ्या, इथे वैमानिक नेमणाऱ्या लहान कंपन्या वाढल्या पाहिजेत. परदेशी भांडवलाला त्यात यायला आपण वाट ठेवलेलीच आहे.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्याखालच्या नियमांत चार्टरचा दलाल आणि हँडलर यांची व्याख्या, त्यांची नोंदणी आणि त्यांच्यावरचा दंड स्पष्ट शब्दांत आला पाहिजे. परदेशी कंपनी हाताला लागत नाही, विमान निघून गेलेलं असतं. दलालाचा इथला प्रतिनिधी आणि हँडलर मात्र सांताक्रूझला किंवा वास्कोत कार्यालय थाटून बसलेले असतात, त्यांचा परवाना इथला असतो. खोट्या यादीवर सही करणाऱ्याचा विमानतळ प्रवेशाचा पास एकदा सहा महिन्यांसाठी गेला, की पुढच्या वेळी तो स्वतःच विमानाच्या कंपनीला चार प्रश्न जास्त विचारेल. गोव्यातला हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि त्याचे अर्ज पावसाळ्यातच येऊ लागतात. बँक हमीची अट, परवानग्यांची जाहीर यादी आणि दाबोळी-मोपावरची दोन पथकं, एवढं त्याआधी करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही.